कोपराचं रफू

४ मार्च

चि. छबूस आशीर्वाद.

तुझ्या परदेशातल्या कलामेळ्याचं, मेळा संपल्यावर छापलेलं पुस्तक पोचलं. वजन विटेएवढं. चित्रं पाहून झाल्यावर चष्मा पुसून बारीक अक्षरंही वाचली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला तळटीपसुद्धा कधी गाळू दिली नाही, हे तू विसरलीस.

तुझ्या नावाच्या पानावर, काचेच्या पेटीत माझ्या दादाचा, म्हणजे तुझ्या बापाचा, चौकटीचा शर्ट. खाली छापलंय: ‘रफू – एक अनामिक, निरक्षर वृद्धा.’ सारी नोकरी पोरींना इंग्रजी व्याकरण घोकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी निरक्षर झाले! निदान कळवायचंस तरी.

बाबांचा शर्ट घालून उद्घाटनाला उभी राहीन, कोपर तेवढं रफू करून दे, असं तू म्हणालीस. म्हणून त्याच शर्टाच्या आतल्या शिवणीतून दोरा काढून मी टाके घातले. फोटोत तर कोपराशी दोरे लोंबताहेत. सिस्टरांनी घोटून घेतलेला माझा टाका असा सुटत नाही. कोणी उसवला?

दादा गेल्यावर त्याचे दोनच शर्ट मी मागे ठेवले होते. हा परत पाठव.

उत्तराची वाट पाहणारी,
आत्या

१९ मार्च

ती. आत्यास सा. न.

रागावू नकोस गं. मजकूर गॅलरीवाल्या बाईंचा. त्या म्हणतात, आशियाई कलावंताकडून लोकांना ओबडधोबड हात हवा असतो. तुझं रफू इतकं सफाईदार, की कोणाला दिसेचना. शर्टापुढे माणूस थांबेना. शेवटी चार टाके मीच उसवले. त्याच दुपारी शर्ट विकला गेला. आता परत कोणत्या तोंडाने मागू?

रफू करणारीचा हात दिसता कामा नये, हे तूच शिकवलंस ना? मग नाव तरी कशाला, असं वाटलं.

पुढच्या मेळ्यासाठी बाबांचा निळा शर्ट देशील? टाके जरा वाकडेतिकडे घाल. या खेपेला तुझं नाव छापू, शब्द देते.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
छबू

२ एप्रिल

चि. छबूस आशीर्वाद, सवयीने.

हात दिसू नये म्हणत होते, ते अशासाठी की घालणाऱ्याला शर्ट फाटला होता याचा विसर पडावा. करणारीचाच विसर पाडा, असं कोणत्याही सिस्टरने शिकवलं नव्हतं.

नावाचं गाजर तुझ्यापाशीच ठेव. नाव मला हवं होतं कुठे? तू तो शर्ट अंगात घालणार होतीस, तेवढंच हवं होतं.

निळा शर्ट मिळणार नाही. त्याची कॉलर विरली होती, ती काल रफू केली आणि मीच घालून आरशापुढे उभी राहिले. बाह्या बोटांवर येतात. पण दादाचा शर्ट घालणारं कोणीतरी हवं ना.

लोभाचं विचारशील, तर तोही तू उसवलास. रफू होईल. पण या खेपेला दिसेल.

आत्या