जर्मन आगगाडीची चार तिकिटं

खारी, १७ ऑगस्ट १९४२
वरच्या बाजूला कुठंतरी रूळ उखडले, म्हणून पोलीस आलेत. स्टेशनाकडच्या दोन घरांची झडती झाली. नकाशा, गाडीचं चित्र, जे दिसेल ते उचलतात. माझ्याकडे तर वहीभर आगगाड्याच. पोष्टाची तिकिटं, पण चित्रं ती चित्रंच. हे रुळावर गँगमन होते, त्यांचा नाद. त्यांच्यामागे मी चालवला. अक्षरं लावायला शिकले तीही ह्या तिकिटांवरून.
जेवण गेलं नाही.

१८ ऑगस्ट
आपल्या डाकगाडीच्या तिकिटाची भीती नाही, त्यावर आपलाच राजा. भीती चार जर्मन पाकिटांची. नवं तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का, म्हणून अख्खी जपलेली. उत्तनचा जुझे बोटीवर खलाशी. ह्यांनी सांगून ठेवलेलं, त्याने तिकडून धाडली. तेव्हा जर्मन शत्रू नव्हता. आता हे कोण ऐकणार? वर पत्ता जुझेच्या हातचा.

१९ ऑगस्ट
उत्तनला जाऊन आले. जुझेची आई, रोझामाय, चुलीपुढून उठलीच नाही. म्हणाली, "तुजा घोव गेला तवा मी रडलंय. आता माज्या पोराला नको गं ओढू. बोटीवरून उतरला का धरतील त्याला."
नाव घेणार नाही, तिच्या क्रुसासमोर सांगून आले.

२० ऑगस्ट
पाकिटं परातीत भिजवली. हे म्हणायचे, "पाकिटावरून सुटलं की तिकीट नुसता कागद." शाई उतरली, पाणी निळं. पाकिटांचा लगदा शेणात कालवून भुई सारवली.
तिकिटं सुटली. शिक्का नाही सुटला! तिकिटावरच बसलाय. तीन तिकिटांवर अर्धा, एकावर साल-महिन्यासकट पुरता. एवढं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.
चारही परातीच्या पाठीवर वाळायला लावली.

२१ ऑगस्ट
पाटील हाक न मारता आत. परात चुलीपाशी उपडी.
"वैनी, भाकरी सोडून गाड्या थापता काय?"
हसले. कशी हसले देव जाणे.
"ही आपली गाडी न्हाय वाटत."
"ह्यांनी जमवलेली. मला काय कळतंय त्यातलं."
नखाने एक सोडवलं, टोपीत ठेवलं. "नव्या फौजदाराला नाद हाय याचा. खूश होईल."
नेमकं पुरत्या शिक्क्याचं नेलं.

२२ ऑगस्ट
त्यावर सन ३५, महिना सातवा. हे गेले त्याच साली चैत्रात. पाकिटं आली ती ह्यांच्यामागे. खांदा द्यायला पाटील होते.
भाताला मीठ दोनदा घातलं.

२४ ऑगस्ट
पाटलांचा निरोप. फौजदार म्हणतो, बाकीची घेऊन बाईलाच पाठव, कुणी दिली तेही सांगू दे.
विचारलं, "रागात होता का?"
"न्हाय, हसत होता. पन झडतीला जातो तवाबी हसतच असतो."
उद्या सकाळी जायचंय. तीन तिकिटं पदराच्या गाठीत. ह्यांचं नाव सांगू तर तारीख उलटी पडते. जुझेचं घ्यायचं नाही. मग उरते मी. मीच मागवली म्हणेन. एकट्या बाईने, जर्मनीतून. नाद आहे म्हणेन, तुमच्यासारखाच. त्यावर हसला तर हसला. आणि धाडणारा कोण, असं विचारलंच तर

रोझामायला कळवू की नको?