डेंझिलच्या फुकटच्या खिडक्या

ग्लॉस्टरचं इस्पितळ, बुधवार

प्रिय ऑब्रे,

माझी कंबर आता बरी आहे. इथलं सूप म्हणजे नुसतं गरम पाणी. तू वेळेवर जेवतोस ना? मांजर माझ्याच उशीवर झोपत असेल.

आज तुझा पुतण्या डेंझिल द्राक्षं घेऊन आला. स्वतःच्या लग्नाला आपल्याला न बोलावणारा तो!

म्हणाला, "काकू, घरात गारठा फार. जुन्या खिडक्या काढून प्लॅस्टिकच्या बसवून देतो. अगदी फुकट."

"एवढी माया कुठून उतू चालली रे?" मी विचारलं.

हसला, आणि हळूच म्हणाला, "ती जुनी घरं जपणाऱ्या सरकारी खात्यातली बाई कधी येणार घर बघायला?"

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिनं घर जपायच्या यादीत घातलं, की ते कुणालाच पाडता येत नाही. पण माझ्या वडिलांनी हातानं घडवलेल्या खिडक्याच गेल्यावर ती बाई जपणार काय? आपल्यामागे घर डेंझिलचंच, मग पाडायला तो मोकळा.

मी त्याला 'महिनाअखेरीस' म्हणून सांगितलंय. बाई येणार सोमवारी. केक आणून ठेव.

तोवर वडिलांनी घडवलेली ती लोखंडी कडी आतून घाल. डेंझिलनं दार ठोठावलं, तर मी हाक मारल्यावर होतोस तसा बहिरा हो.

तुझी आणि त्या घराची,
हेस्टर