काचेतला हिरवा ड्रेस

ग्योतोकु, जपान, २४ सप्टेंबर २०१२

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

नेत्रा आता घरभर धावते. पण हे पत्र भुतासाठी आहे. तू शाळेच्या प्रदर्शनात तिरकी काच लावून भूत उभं करायचास, ते मला हवंय. हॅलोविनला बिल्डिंगमधली आपली मुलं खाऊ मागत दारोदार फिरतात, त्यांच्यासाठी, असं राजीवला सांगितलंय. खरं कारण आमची शेजारीण कादंबरी.

गेल्या वर्षीच्या भूकंपानंतर राजीव नागोयाला अडकला होता आणि मला नेत्राच्या वेळचा सातवा महिना होता. कादंबरी नि तिचा नवरा रणजित भारतात जायला गाडीने विमानतळाकडे निघाले. मी फाटकाशी हात करत उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मागची सीट रिकामी होती, दादा. आता परत आलीय, आणि परवा गणपतीच्या आरतीनंतर सगळ्यांसमोर म्हणाली, की विभाला किती विनवलं, हीच हट्टाने आली नाही. राजीवने ते खरं मानलं! मी सांगते ते त्याला खोटं वाटतं. मला तिच्याच तोंडून, त्याच्यासमोर खरं काढायचंय.

तुझी,
विभा

पुणे, ८ ऑक्टोबर

चि. सौ. विभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाहुली मोडली म्हणून माझ्या चपला गच्चीवरून फेकणारी तू, अजून तशीच आहेस. नेत्रा धावते, तेव्हा काच नको, पारदर्शक अॅक्रिलिक आण. पॅसेजच्या तोंडाशी ते अर्धा काटकोन करून उभं कर. मागे पूर्ण काळोख हवा. बाजूच्या खोलीत सोंग लपव आणि दिवा फक्त त्याच्यावर टाक. मग ते पॅसेजमध्ये अधांतरी दिसेल, पण ठरल्या जागेवरूनच. खाऊचं भांडं तिथेच ठेव.

एक मात्र ऐक. काम झालं की त्याच रात्री सगळं उतरव. राग घरात मांडून ठेवू नये, बाई.

सर्वांना आशीर्वाद. खुशाली कळवत जा.
विश्वनाथ

ग्योतोकु, ४ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

भूत झकास जमलं! फाटकाशी उभी होते त्या दिवशी माझ्या अंगावर हिरवा ड्रेस होता, माझ्या डोहाळजेवणाला कादंबरीनेच दिलेला. तोच हँगरला लावला, पोटाशी उशी बांधली, एक बाही काठीने वर धरली. चेहरा दिलाच नाही. मुलं किंचाळली, चॉकलेटं घेऊन पळाली. मग मुलांबरोबर आलेली कादंबरी बुटांच्या कपाटावरच्या भांड्याशी वाकली, वर बघितलं आणि पांढरीफटक पडली. राजीव शेजारीच होता. ती पुटपुटली, की सीट रिकामी होती, पण विमान चुकलं असतं, थांबू नको असं रणजितला मीच म्हटलं. मग रडत घरी गेली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

राजीवने माफी मागितली. मी चहाचा कप पुढे केला. तुझं ऐकून उतरवायला गेले होते रे. ड्रेसला हात लावला, आणि वाटलं, कादंबरी काय, परकीच. मला खोटी ठरवली ती घरच्या माणसाने.

म्हणून ड्रेस तिथेच आहे. राजीव तोयोसुच्या ऑफिसातून यायच्या वेळी मी पॅसेजमधला दिवा घालवते आणि त्या खोलीतला लावते. तो बूट काढायला वाकतो, मग वर बघतो.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस. वहिनीला नमस्कार.
तुझी,
विभा