अळणी सूप

चिमणे,

मी भाजी आणायला चाललोय, तासाभरात येतो. तुझी लेक दूध पिऊन झोपलीय. तिच्यावर लक्ष ठेवायला बसलेले जावईबापूही झोपलेत. दोघांनाही उठवू नकोस.

मुगाचं सूप गॅसवर आहे, बडीशेपेचं पाणी थर्मासमध्ये. कंबर शेकायची पिशवी उशाशी ठेवलीय. सगळं खालच्या नर्सबाईंनी सांगितलं तसंच केलंय. घरगुती उपायांची टिंगल करणारी पुस्तकं लिहून आयुष्यभर पोट भरलेला माणूस आता बडीशेप चमच्याने मोजून घेतो.

बाळंतपण झाल्यापासून तू समोर येईल ते मुकाट्याने गिळत होतीस. तू, आणि मुकाट्याने! माझी झोपच उडाली होती. काल मात्र वाटी सरकवून म्हणालीस, "बाबा, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?" माझ्या एकाही पुस्तकाला इतका सुखावणारा अभिप्राय मिळालेला नाही. नर्सबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "भांडायला लागली ना? मग पोरगी सुधारतेय!" मी त्यांचे आभार मानले. तुझेही मानतो.

आजच्या सुपात मीठ मुद्दामच घातलेलं नाही. बरणी शेजारीच आहे, पण मी येईपर्यंत थांब आणि आधी पोटभर भांडून घे.

बाबा