पाऊण तास

१९ जून, गुरुवार

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. तुमचं पत्र सोमवारी आलं, पण त्याच दिवशी ह्यांचं ऑपरेशन होतं, म्हणून उत्तराला उशीर झाला. दुकान बंद आहे. शाळेचे गणवेश अर्धवट पडलेत, गिऱ्हाइकं शटर वाजवून वाजवून परत जातात.

तुम्हाला नीट कोणी सांगितलं नसेल. आतड्यातली गाठ हिवाळ्यातच काढली. पण रोग यकृताच्या उजव्या भागात पोचला होता. तो भाग कापायचा, तर उरणारा डावा फारच लहान. म्हणून आधी उजवीकडची रक्तवाहिनी बंद केली, म्हणजे डावा वाढेल. आणि वाढला की! हे येईल त्याला सांगत सुटले, "या वयात माझं काहीतरी वाढतंय, बघा." सर्जन म्हणाले होते, सहा तास लागतील. मी डबा घेऊन बाकावर बसले.

पाऊण तासात मला आत बोलावलं. डाव्या भागावरही बारीक दाणे निघाले, स्कॅनमध्ये न दिसलेले. आता कापून उपयोग नव्हता. उघडलं तसंच परत शिवलं.

शुद्धीवर येताच ह्यांनी विचारलं, "किती वेळ लागला गं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सहा तास."

"मग घाईचं काम नाही," म्हणाले आणि समाधानाने झोपले. शिंप्याला दुसरं काय हवं असतं! तेव्हापासून नर्सलासुद्धा सहा तास सांगतायत. ती माझ्याकडे बघते. परवा शनिवारी सर्जन स्वतः त्यांना खरं सांगणार आहेत.

तुम्ही विचारलंत, "वहिनी, आधी काहीच कसं कळलं नाही?" याचं उत्तर दोनदा लिहून खोडलं. कळत होतं, भाऊजी. दीड वर्ष. मशीनवर बसून बसून मूळव्याध आपल्या दुकानात सगळ्यांनाच, तुम्हालाही होती. ह्यांनाही तीच असेल म्हणून मीच मधे भोक ठेवून गादी शिवून दिली. अभ्र्यावर रक्त दिसायला लागलं, ते धुतलं. पुढे गिऱ्हाइकांना डाग दिसू नयेत म्हणून मरून कापडाचा अभ्रा घातला. डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी कापडाचा रंग बदलला.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, रक्त कधीपासून जातंय? हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाले असतील दोन महिने." कागदावर तेच आहे. त्यावर आम्ही दोघं आजवर एक अक्षर बोललो नाही.

तुमचं आणि ह्यांचं भांडण मला माहीत आहे, ते मिटवा असं म्हणत नाही. पण शनिवारच्या आत या, म्हणून पत्र पोस्टात न टाकता हातोहात पाठवतेय. खरं ऐकल्यावर हे रडले, चिडले, तर मी निभावून नेईन. पण त्यांनी तेव्हाही माझीच समजूत काढली, तर मला ते सोसणार नाही.

तुमच्या रागाला पात्र,
वहिनी