आधी पाजणे, मग भिजवणे

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., तुझ्या आळसासकट.

अर्धांगाच्या झटक्यानंतर अण्णांचं गिळणं सुधारलेलं नाही. पाणी छातीत उतरेल म्हणून डॉक्टरांनी तोंडाने थेंबही बंद केलाय, सगळं नाकातल्या नळीतून. ओठ पुसायला घेतलेला ओला कापूस ते दातांत धरून ठेवतात. बघवत नाही रे.

त्यांचा शब्दकोश मात्र चालूच. ते पुटपुटतात, मी कार्डावर उतरवते. आता गाडी इंग्रजीतल्या ‘ड्रेंच’वर अडली आहे. मी ‘चिंब भिजवणे’ लिहून मोकळी झाले, तर डोळे वटारले. म्हणाले, गुरांच्या डॉक्टराला विचार, तो हा शब्द रोज वापरतो. झाली बरं तुझी आठवण! जमलं तर स्वतःच येऊन सांग.

लोभ आहे, त्यात भर पडू दे.
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

भाषेत काठावर पास झालेल्या पोराला अण्णांनी शब्द विचारला, धन्य झालो! आमच्याकडे ड्रेंच म्हणजे जनावराच्या तोंडात ओतायचं औषध. मूळ शोधलं, तर जुन्या इंग्रजीत अर्थ निघाला पाजणे. पिण्याच्याच शब्दापासून तो झाला, चिंब भिजवणं मागाहून आलं.

रीतही सांग त्यांना. मान उंच करायची नाही, बाटली गालाच्या कोपऱ्यातून, गिळल्याशिवाय पुढचा घोट नाही. घाई केली की औषध फुफ्फुसात जातं आणि वासरू हातचं जातं.

इथे गुरांची साथ आहे. ती आटोक्यात आली की निघतोच.

लोभ असाच राहावा, रागावलीस तरी.
धाकटा

२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

तू आलास, पण अण्णा गेल्यावर. घरभर माणसं होती, बोलायचा धीर झाला नाही. म्हणून लिहिते.

तुझं पत्र वाचून दाखवलं, तसा त्यांचा चेहरा खुलला. तुला ठाऊकच आहे, स्वतः करून पाहिल्याशिवाय ते अर्थ लिहू देत नसत. ‘चाळणे’साठी त्यांनी आईचं सगळं पीठ जमिनीवर सांडलं होतं. या वेळी त्यांनी चमच्याकडे बोट केलं. मी नाही म्हटलं. ते रडायला लागले. आपले अण्णा, रडायला लागले.

मग मी तुझी रीत धरली. गालाच्या कोपऱ्यातून, चमचा चमचा पाणी. शेवटच्याला ठसका लागला. तो ओसरल्यावर कार्ड सांगितलं: आधी पाजणे, मग भिजवणे. दोन दिवसांत छाती भरली.

डॉक्टरांना मी काही बोलले नाही. मी अण्णांना मारलं का रे? तुला यातलं कळतं. खरं सांग.

लोभ उरला असेल तर ठेव.
ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

त्या पाण्याने झालं असेल, नसेलही. अशा आजारात नुसती लाळही छातीत उतरते. पाण्याने नक्कीच झालं नाही, असं मला म्हणता येत नाही. पण रीत माझी होती, आणि साथ आटोक्यात यायची वाट बघत बसलेलाही मीच. दोष एकटीने उचलू नकोस.

इतकी वर्षं जनावरांना पाजतोय, कुणी आपणहून तोंड उघडलेलं मला आठवत नाही. दरवेळी जबडा धरावा लागतो. अण्णांनी तुझ्यासमोर आपणहून उघडलं.

रविवारी येतो. पहिला घोट घेताना ते कसे दिसत होते, ते मला सावकाश सांग. मला ते बघायला मिळालं नाही.

तुझ्या लोभातच आहे.
धाकटा