बँकॉकची मिटवलेली चोरी

१४ फेब्रुवारी २००५, बँकॉक
दूध संघाचा अभ्यास दौरा. अभ्यास झाला नाही, पाय मात्र सुजले. पण हँडीकॅम घेतला, क्रेडिट कार्डावर. अंकिताच्या साखरपुड्याचं शूटिंग बाप स्वतः करणार. लगेच घरी फोन केला. पोरगी आनंदानं ओरडली. अनितानं विचारलं, अहो, पण तुमाला चालवता येतोय का त्यो? बायको आहे, बोलायचीच.

१५ फेब्रुवारी, सकाळी
हँडीकॅम गेला.
नाश्त्याला गर्दी. चेअरमन साहेबरावांसाठी शेजारच्या खुर्चीवर हँडीकॅमची बॅग ठेवून जागा धरली. यवत स्टँडला एसटीत टोपी टाकून धरतो तशी. आजवर टोपी कुणी नेली नाही. दही कुठे आहे ते बघून आलो, तर खुर्चीवर एक गोरा बसलेला आणि बॅग गायब. त्याला काही माहीत नाही.
घाबरलो नाही. कार्डाच्या पुस्तिकेत आहे, परदेशात घेतलेली वस्तू चोरीला गेली तर भरपाई. साहेबराव म्हणाले, संपतराव, आधी पोलिसात चला. मी साफ नाही म्हटलं. पंधरा वर्षं गावातली भांडणं चावडीवर मिटवली, एकही चौकीत जाऊ दिलं नाही. बँकॉकसाठी नियम मोडायचा?

दुपारी
मिटवलं. हॉटेलच्या मॅनेजरला समोर बसवलं. माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही, असं त्यानं इंग्रजीत लिहिलं, मी सही केली. त्यानं फळांची टोपली दिली. चहा झाला. दोन्ही पक्ष खूश.

२१ फेब्रुवारी, कासुर्डी
अनिताला सांगितलं, कॅमेरा कस्टममध्ये अडकलाय. याला खोटं म्हणता येणार नाही. उशिरा येणार, एवढाच अर्थ.
कार्डवाल्यांना अर्ज केला. सोबत बिल, तडजोडीच्या कागदाची झेरॉक्स आणि चावडीत बसून केलेला पंचनामा. पाच पंच. दौऱ्याला एकही नव्हता, पण सह्या झटक्यात दिल्या. फक्त हरिबा अडला. म्हणाला, बँकॉक कंच्या तालुक्यात येतं त्ये घाला, न्हाईतर कागद परत येतोय.

१० मार्च
कार्डवाल्यांचा फोन एकदाचा लागला. बराच वेळ म्युझिक. मग बाई आल्या, म्हणाल्या पोलीस रिपोर्ट पाठवा. म्हटलं, पंचनामा दिलाय. विचारलं, कुणी केला? म्हटलं, आम्हीच. बाईंनी परत म्युझिक लावलं. पटलेलं दिसतंय.

२ एप्रिल
अंकिता रोज विचारते, आप्पा, आला का वो कॅमेरा? रोज सांगतो, या आठवड्यात. व्याह्यांनाही कळवलंय, व्हिडिओवाला बघू नका, घरचा कॅमेरा आहे. खोटं बोलायला एवढा दम लागतो याची कल्पना नव्हती. जेवण जात नाही. उन्हामुळे असेल.

१८ एप्रिल
कार्डवाल्यांचं पत्र. आपण स्वतःच तक्रार नसल्याचं लिहून दिलंय, पोलिसांकडे नोंद नाही, सबब चोरी मानता येत नाही. म्हणजे चोरी झालीच नाही! मग हँडीकॅम कुठाय? विचारायला फोन केला. म्युझिक.
हरकत नाही. वरच्या साहेबांना गाठून मिटवता येईल. उद्या बघू. आज अंगात त्राण नाही.

२९ एप्रिल, संध्याकाळी
साखरपुडा झाला.
सकाळी मांडवात दौंडचा व्हिडिओवाला हजर. अनितानं बोलावलेला, मला न सांगता. म्हटलं, अगं, कॅमेरा येणार होता ना? ती म्हणाली, चोरीचं मला साहेबरावांच्या सिंधूबाईनं तवाच सांगितलं. मग गप्प का राहिलीस? म्हणाली, तुमी कवा सांगताय बघत व्हते. अंकितालाबी ठावं हाय. म्हणून तर रोज इचारायची, आज तरी आप्पा खरं बोलतील म्हणून.
फार वाईट वाटलं. ठरवलं, अंगठीच्या वेळी पोरीजवळ उभं राहायचं, दोन शब्द बोलायचे. उभा राहिलोही. तर व्हिडिओवाला ओरडला, मामा, जरा बाजूला सरा. म्हटलं, मी मुलीचा बाप आहे. तो म्हणाला, व्हय, पर लाईट अडतीया.
सरलो.